पुढचे त्रेचाळीस, मागचे एकोणचाळीस

जुन्या जीपचा मालक गॅरेजमध्ये आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मिस्त्री, गाडी एकदम ओरिजिनल आहे." मी मान डोलावतो. कल्याणला मुरबाड रोडवर पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, दोन वर्षांपूर्वी शटर खाली ओढलं, पण शपथेवर ओरिजिनल म्हणता येईल अशी जीप मी एकही पाहिली नाही. इंजिन एका सालचं, गिअरबॉक्स दुसऱ्या सालचा, पुढचा एक्सल कुठल्यातरी सरकारी लिलावातला आणि बॉनेट उल्हासनगरात ठोकून घेतलेलं. नंबरप्लेट तेवढी खरी. मालकाला मात्र यातलं काही सांगायचं नसतं. मुलगी बघायला गेल्यावर मुलीच्या नाकाबद्दल बोलू नये, तसं.

त्यामुळे या धंद्यात दुरुस्ती निम्मी आणि नग ओळखणं निम्मं. कंपनीने या गाड्या बनवणं कधीच थांबवलं. पार्ट्सचं छापील पुस्तक मिळतं, पण ते ज्या गाडीचं आहे ती गाडी आता रस्त्यावर नाही, तिचे तुकडे दहा गाड्यांत वाटले गेलेत. समोर आलेला नग दिसायला सारखा असतो, पण एक भोक सूतभर सरकलेलं असतं, आटे वेगळे असतात किंवा दात दोन कमी असतात. नाव विचारून उपयोग नाही. नग हातात घ्यायचा, पुसायचा, मोजायचा आणि मगच तोंड उघडायचं.

नौपाड्यातले एक निवृत्त प्राध्यापक एकदा कापडी पिशवीतून, कोथिंबिरीच्या जुडीखाली ठेवून, पाण्याचा पंप घेऊन आले होते. ठाण्यातल्या तीन दुकानांनी त्यांना परत पाठवलं होतं. जीपने कुठकुठले किल्ले पाहिले हे त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, तोवर मी पंप पुसून पाहिला.

"सर, हा जीपचा नाहीच. ट्रॅक्टरचा आहे."

"काहीतरीच काय! अहो, चौदा वर्षं चालला हा!"

"चालला ना. त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

सर आधी रागावले आणि मग एवढे हसले की पिशवीतली कोथिंबीर खाली पडली. नवा पंप बसवल्यावरही जुना त्यांनी घरी नेला. तो शोकेसमध्ये ठेवलाय असं नंतर कळलं.

हे झालं मिरवायचं. आता दुसरं.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात एक धडा दिला होता. "ड्रायव्हर काय सांगतो ते ऐकू नकोस. गाडी काय सांगते ते ऐक." धडा खोटा नव्हता. ड्रायव्हर गाडी आपटून आणतो आणि "आपोआप आवाज यायला लागला" म्हणतो. तेल घालायला विसरतो आणि तेलात भेसळ होती म्हणतो. मी उस्तादांचं वाक्य गिरवलं, त्यावर नाव कमावलं आणि त्याच वाक्यापायी एका चांगल्या ड्रायव्हरची नोकरी घालवली. त्याचं नाव काशिनाथ. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच हा लेख हाती घेतला, प्राध्यापकांचा पंप हा आपला चहाआधीचा बिस्किटपुडा.

काशिनाथ मोहन्याच्या बाजूचा, आगरी. कल्याणातला एक ट्रस्ट तेव्हा फिरता दवाखाना चालवायचा. दर गुरुवारी डॉक्टरीणबाई, नर्स आणि औषधांच्या पेट्या घेऊन जीप मुरबाडच्या पलीकडच्या पाड्यांवर जायची. काशिनाथ तिचा ड्रायव्हर, सतरा वर्षं. त्याच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना अरेतुरे असतं, डॉक्टरीणबाईंनाही. सीटवर बसण्याआधी तो गाडीच्या चारही चाकांना एकेक लाथ मारायचा. हवा बघतो म्हणायचा, पण मला वाटतं तो नमस्कार होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी त्या जीपचा मागचा एक्सल आतून गेला. एक्सलच्या पोटात दातांची दोन चक्रं असतात, एक मोठं आणि एक लहान. मोठं क्राऊन, लहान पिनियन. इंजिनकडून येणारा शाफ्ट लहान चक्र फिरवतो, ते मोठं चक्र फिरवतं आणि त्यावर चाकं फिरतात. जीपला असा एक एक्सल मागे आणि एक पुढे असतो. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. चिखल, वाळू, दगडाचा चढ आला की ड्रायव्हर एक लिव्हर टाकून पुढची चाकंही जोडतो. इथे एकच पथ्य आहे. पुढच्या आणि मागच्या चक्रांच्या दातांचं प्रमाण एकच हवं. नाहीतर पुढची चाकं एका वेगाने जाऊ बघतात आणि मागची दुसऱ्या, आणि दोघांच्या मधला गिअरचा डबा, ज्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो, तो मधल्यामध्ये भरडून निघतो.

मी जुन्या बाजारातून मागचा अख्खा एक्सल आणला. त्यावरची दातांच्या आकड्याची पट्टी गळून गेली होती. कव्हर खोलून दात मोजायचे तर तेल काढा, पॅकिंग नवं कापा, असा अर्ध्या दिवसाचा खेळ. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार. म्हणून खडूची युक्ती केली. ती सगळेच मिस्त्री करतात. एक चाक जॅकवर उचलायचं, टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करायची, चाक हाताने बरोब्बर दोनदा फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते दुसऱ्याने खाली बसून मोजायचं. पुढे आणि मागे आकडा सारखा आला की जोडी जमली.

माझा वेल्डर रफिक खाली बसला. मी पुढचं चाक फिरवलं.

"किती?"

"पाच."

मग मागचं फिरवलं.

"किती?"

"पाच."

रफिकने पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, बैठकीला टाके मारले आणि एक्सल बसला. गुरुवारी जीप पाड्यावर गेली.

पावसाळा सुरू झाल्यावर एका सकाळी काशिनाथ गॅरेजवर आला. जीप बाहेर उभी करून थेट माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, पुढचा लिव्हर टाकला का गारी आपल्याआपल्यातच भांडते. लिव्हर परत निघत नाय."

"डांबरावर टाकत असशील."

हे उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं, कारण दहातले नऊ ड्रायव्हर हीच चूक करतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून वळण घेतलं तर कुठलीही चांगली जीप अडते. मातीत चाकं थोडी घसरतात म्हणून निभावतं.

"नाय रे, डांबरावर कशाला टाकू? आनि वळणावर नाय, सरळ जाताना पन भांडते. तू एकदा माज्या बाजूला बस. त्या टेकडीपर्यंत जाऊन येव. दहा मिनटांचा काम हाय."

माझ्यासमोर तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. मी म्हणालो, "काशिनाथ, सतरा वर्षं चालवतोस, तुला अजून फोर व्हील शिकवायचं का?" शेजारी दोघं-तिघं होते, ते हसले. काशिनाथ नाही हसला. चारही चाकांना लाथ मारून निघून गेला.

त्याने सांगितलं होतं, सरळ जाताना. त्या दोन शब्दांत सगळं होतं. वळणावर अडते ती चूक ड्रायव्हरची, सरळ जाताना अडते ती चूक दातांची. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पण मी काशिनाथचं ऐकत नव्हतो, मी उस्तादांचं ऐकत होतो.

महिनाभराने एका गुरुवारी पाड्यावरून परत येताना दगडाच्या चढावर ट्रान्सफर फुटला. गाडीत दम्याने घाबरीघुबरी झालेली एक मुलगी होती, तिला कल्याणला आणत होते. गाडी तिथेच बसली. काशिनाथने आणि पाड्यावरच्या तिघांनी घोंगडीची झोळी करून तिला डांबरी रस्त्यापर्यंत उचलून नेलं, तिथून ती टेम्पोत गेली. मुलगी वाचली. पण डॉक्टरीणबाई घाबरल्या, ट्रस्टच्या बैठकीत प्रश्न निघाला आणि चिटणीस माझ्याकडे आले. म्हणाले, जाणकार म्हणून दोन ओळी लेखी द्या. मी गॅरेजच्या लेटरहेडवर लिहून दिलं. "पक्क्या रस्त्यावर चारही चाकं जोडून गाडी चालवल्यामुळे ट्रान्सफर केस फुटली. हा चालकाचा निष्काळजीपणा आहे." खाली सही, शिक्का.

काशिनाथला काढलं. मी दुसरा ट्रान्सफर बसवून दिला आणि नव्या ड्रायव्हरला बजावलं, पुढच्या लिव्हरला हात लावायचा नाही. त्याने लावला नाही. त्यामुळे गाडी पुन्हा कधी भांडली नाही, आणि माझं म्हणणं खरं होतं असं सगळ्यांना वाटलं. सगळ्यांत आधी मलाच. पुढे दवाखाना बंद पडला, जीप विकली गेली, रफिक गावी परतला.

गेल्या वर्षी डोंबिवलीहून ऋतुजा नावाच्या मुलीचा फोन आला. इंजिनियर आहे, शहापूरच्या एका शेतकऱ्याकडून जुनी जीप घेतली होती. या जीपवेड्या पोरापोरींचे मोबाईलवर ग्रुप आहेत, तिथून तिला माझा नंबर मिळाला होता.

"काका, फोर बाय फोर टाकलं की गाडी अडकते. ग्रुपवर सगळे बोलतायत, तू डांबरावर टाकलं असशील. मी मातीत टाकलेलं, शप्पथ! आणि टर्न मारताना नाही, सरळ जाताना पण होतं. कोणी ऐकूनच घेत नाहीये."

मी पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी रिक्षाने तिच्या सोसायटीत गेलो. जीप हिरवी होती, ट्रस्टची पांढरी असायची. मी पार्किंगमध्ये आडवा होऊन खाली पाहिलं. मागच्या एक्सलवर पाट्याच्या बैठकीला वेल्डिंगचा टाका होता, शेवटी डावीकडे वळून संपलेला. रफिक डावखुरा होता. त्याचे सगळे टाके असेच संपायचे.

मी ऋतुजाला खडू आणायला सांगितलं. तिने शेजारच्यांच्या लहान मुलीकडून गुलाबी खडू आणला. मागचं एक चाक उचललं, खुणा केल्या, ती शाफ्टजवळ बसली. मी चाक दोनदा फिरवलं.

"किती?"

"पाच."

"पाच आणि कुठे?"

"म्हणजे?"

"खूण पूर्ण वर आली का?"

"नाही काका, जरा आधीच थांबली. पाच व्हायला एवढंसं कमी."

मग पुढचं चाक फिरवलं.

"पाच होऊन पुढे गेली," ती म्हणाली. "चांगली तिसरा हिस्सा पुढे."

दोन्ही पाचच. एक पाचाच्या अलीकडचा, एक पलीकडचा. कव्हर खोलून दात मोजले. दोन्हीकडे पिनियनला आठच, पण क्राऊनला पुढे त्रेचाळीस आणि मागे एकोणचाळीस. बघणारा रफिक होता, विचारणारा मी. मी फक्त "किती?" विचारलं होतं. पूर्ण प्रश्न विचारायला एक श्वास जास्त लागला असता. पुढे त्या डांबराच्या उत्तराने तीच चूक झाकली आणि कागदावर सही करून मी ती दुसऱ्याच्या नावावर चढवली.

ऋतुजा विचारत होती, "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?" मी जमिनीवर बसून राहिलो होतो. मला शरम वाटत होती. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

मी घरी येऊन नवं पत्र लिहिलं. लेटरहेड शिल्लक होती. काय झालं, चूक कुणाची, काशिनाथची चूक नव्हती, सगळं लिहिलं. सही केली, शिक्का मारला. ट्रस्टच उरला नव्हता, त्यामुळे द्यायचं कुणाला हा प्रश्न होता. शेवटी ज्याचं होतं त्याच्याकडे घेऊन गेलो.

काशिनाथ आता एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन आहे. मी गेलो ती त्याची सुट्टी होती. घराच्या ओट्यावर बसला होता, केस सगळे पांढरे. मला बघून उठला नाही, पण बायकोला म्हणाला, "मिस्त्री आला हाय, चाय ठेव."

मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते न वाचता मला परत दिलं. "चष्मा नाय. तूच वाच."

मी वाचलं. सबंध. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. वाचून झाल्यावर तो आत गेला आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. त्यात रेशनकार्डाबरोबर माझ्या जुन्या पत्राची झेरॉक्स होती, घडीवर फाटत आलेली.

"मना आधी ठावा होता, गारीत काय तरी हाय," तो म्हणाला. "पन मंग तुजा कागद आला. मी बोललो, एवढा मोटा मिस्त्री, तो खोटा कशाला लिवल? माजाच हात चुकला असल. ती पोरगी मेली असती तं माज्या हातून मेली असती. तवापासून स्टेरिंगला हात नाय लावला."

तो रागावेल, शिव्या देईल, अशी मी तयारी करून गेलो होतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता, ही तयारी मी केली नव्हती. बारा वर्षं या माणसाला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती, कारण माझा शिक्का होता.

"काशिनाथ, चुकलं माझं," मी म्हणालो.

"ता ऐकला आता." त्याने जुनी झेरॉक्स माझ्यापुढे धरली. "ह्या तुजा कागद तू ने." नवं पत्र त्याने घडी घालून रेशनकार्डात ठेवलं. मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत त्याने विचारलं, "गारी कुठं हाय?"

त्रेचाळीस-आठची मागची जोडी शोधायला मला तीन आठवडे लागले. आणल्यावर दात स्वतः मोजले, तीन वेळा, दर वेळी पहिल्या दातावर खडू लावून, आणि मगच बसवली. ऋतुजाला मी सगळी हकिकत सांगितली. खरं तर ती मला बोल लावेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "मग काका, चावी त्यांना देऊ या." रविवारी सकाळी ती स्वतः जीप घेऊन मोहन्याला आली.

काशिनाथ बराच वेळ गाडीभोवती फिरला. हिरवा रंग त्याला आवडला नाही, तसं त्याने सांगितलंही. ऋतुजाने चावी पुढे केली तर म्हणाला, "नाय पोरी, तूच चालव. मी बसतो." तिने चावी बॉनेटवर ठेवली आणि जाऊन मागे बसली. ती चावी तशीच पडून राहिली. त्याची बायको ओट्यावरून म्हणाली, "आता घे की. गाव बघता हाय."

त्याने चावी घेतली. मग चारही चाकांना एकेक लाथ मारली.

मी त्याच्या बाजूला बसलो. वस्तीबाहेर टेकडीकडे मातीचा रस्ता जातो, पुढे दगडगोट्यांचा चढ लागतो. पहिल्या दोन गिअरला त्याचा हात अडखळला, तिसऱ्याला नाही. चढाच्या पायथ्याशी तो थांबला. पुढच्या लिव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याने लिव्हर टाकला.

जीप सरळ चढली. स्टेअरिंग जड झालं नाही, चाकं घसटली नाहीत. वर सपाटीवर येऊन त्याने लिव्हर मागे ओढला, तो एका बोटाच्या जोराने निघाला. त्याने पुन्हा टाकला आणि पुन्हा काढला. मग इंजिन बंद करून दोन्ही हात स्टेअरिंगवर तसेच ठेवून तो बसून राहिला.

"नाय भांडत," तो म्हणाला.

"नाही."

"घरातून निघून किती मिनटं झाली रे?"

मी घड्याळ बघितलं. "आठ."

"म्हंजे दहा पन नाय," म्हणत त्याने मान हलवली, चावी फिरवली आणि गाडी उतारावर घेतली.